गाडी उभी करायला किती माणसं लागतात?

(या भागातलं बोलणं थोडं नीट करून इथे लिहून देतोय. ज्यांना बसमध्ये हेडफोन लावता येत नाहीत त्यांच्यासाठी खास.)

कंपनीच्या बसमध्ये असाल तर खिडकीची सीट मिळाली असेल अशी आशा करतो. मला आज भोसरीहून चाकणला पोचायला सव्वा तास लागला. तळेगाव चौकात अर्धा तास उभा होतो. आजूबाजूला पंधरा लाखाची एसयूव्ही होती, चार लाखाची बाईक होती आणि एक टमटम होती. सगळ्यांचा स्पीड सारखाच. शून्य.

तर आजचा विषय गाडी निवडण्याचा. पण ऑफिसला जायच्या गाडीचा नाही. जिथे रस्ता संपतो तिथे जायची गाडी. आणि सुरुवात होते थेट कॅनडातून.

माझा एक मावसभाऊ कॅल्गरीला असतो. निगडी प्राधिकरणात वाढलेला, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आम्ही त्याला दादाच म्हणतो. मागच्या हिवाळ्यात त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज आला. "अरे, तू गाड्यांमधलं कळणारा माणूस आहेस. मला स्नोमोबिल घ्यायचंय. डोंगरातलं, खोल भुसभुशीत बर्फात चालणारं. कुठलं घेऊ? १५४ घेऊ का १६५? टर्बो घेऊ का साधं?" मागून पाच लिंक्स आणि एक एक्सेल शीट. बारा कॉलम.

ती एक्सेल उघडली आणि मला हसू आलं. कारण अशीच एक एक्सेल मी २०२३ मध्ये केली होती. माझ्यात चौदा कॉलम होते. आणि तरी माझी गाडी चुकली.

ती गोष्ट आधी सांगतो. मग दादाच्या बर्फाकडे जाऊ. दोन्हीचा मुद्दा एकच आहे.

चौदा कॉलमची एक्सेल

मी शिकलो मेकॅनिकल बी.टेक. आणि काम करतो सॉफ्टवेअरचं. गाड्यांच्या कंट्रोलरमध्ये जो कोड चालतो त्याच्या टेस्टिंगचं. त्यामुळे मला वाटायचं, गाडी निवडणं हा तर आपल्या हातचा मळ आहे. डेटा घ्यायचा, प्रत्येक गोष्टीला मार्क द्यायचे, बेरीज करायची, जी वर येईल ती बुक करायची.

पॉवर, टॉर्क, टाकी, ग्राउंड क्लिअरन्स, सस्पेन्शन ट्रॅव्हल, एबीएस, डिस्प्ले, सर्व्हिसचा खर्च, रीसेल, ईएमआय, सगळं होतं. वजनाचाही कॉलम होता बरं का. पण त्याला मी शंभरपैकी पाचच मार्क ठेवले होते. डिस्प्लेला आठ.

जिंकली एक मोठी अ‍ॅडव्हेंचर बाईक. नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हताच. टाकी भरल्यावर दोनशे किलोच्या थोडी वर. त्यावर मी हौसेने क्रॅश गार्ड लावलं, दोन्ही बाजूंना पेट्या लावल्या, मागे टॉप बॉक्स लावला. सामानासकट २३५ किलो. पप्पांनी पार्किंगमध्ये तिच्याभोवती एक फेरी मारली. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं मशीनवर काम केलेला माणूस. एवढंच म्हणाले, "जड आहे रे." मी म्हणालो, "पप्पा, हायवेला स्टेबल राहते." ते गप्प बसले.

आणि हायवेला ती खरंच स्टेबल होती. नाशिकला जाऊन आलो, कोल्हापूरला जाऊन आलो. मस्त. अडचण अशी की मी ती हायवेसाठी घेतलीच नव्हती.

आंदर मावळातला शनिवार

जुलै महिना, शनिवार. सकाळी एकटाच निघालो. तळेगाव, मग टाकवे, मग आंदर मावळात आत. ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. एका बाजूला ठोकरवाडीचं पाणी, डोंगर ढगात, आणि सगळीकडे भाताची खाचरं. लावणीचे दिवस. एका ठिकाणी डांबरी सोडून मातीचा रस्ता आत जाताना दिसला. मोबाईलवर तो पुढे दुसऱ्या रस्त्याला मिळतो असं दिसत होतं. मनात आलं, याच्यासाठीच तर गाडी घेतलीये.

पहिले दोनशे मीटर भारी वाटलं. मग रस्ता खाचराच्या कडेने जायला लागला आणि लाल माती पार लोण्यासारखी झाली. मागचं चाक डावीकडे सरकलं. मी ब्रेक दाबला, जो दाबायला नको होता. गाडी डावीकडे आडवी झाली. बांध फोडून अर्धी खाचरात गेली आणि माझा डावा पाय पेटीखाली अडकला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. पहिली दोन मिनिटं मला गाडीचीच काळजी होती. पेट्रोल सांडतंय का, इंडिकेटर तुटला का. मग पाय ओढून बघितला. निघेना. हाताने गाडी ढकलून बघितली. हात कोपरापर्यंत चिखलात गेले, गाडी जागची हलली नाही. पाऊस सुरू होता. मोबाईल काढला, नेटवर्क नाही. खाचरातलं पाणी फार नव्हतं, पण माझ्या हेल्मेटच्या खालच्या कडेला लागत होतं. त्यावेळी मी पहिल्यांदा घाबरलो.

चाळीस मिनिटं तसाच होतो. हाका मारत होतो. पलीकडच्या खाचरात लावणी चालू होती, पण पावसात आवाज जात नव्हता. शेवटी एक काका पाणी बघायला आले. त्यांच्या खाचरातलं पाणी एकदम उतरायला लागलं होतं, कारण मी बांध फोडला होता. म्हणजे त्या काकांना मी नाही सापडलो. त्यांना त्यांचं गळती लागलेलं खाचर सापडलं आणि त्यात मी होतो.

त्यांनी मुलाला आणि सुनेला हाक मारली. तिघांनी मिळून गाडी उचलली, मी पाय ओढून घेतला. घोटा सुजला होता. मग काका बांधावर बसले, डोक्यावरचा प्लॅस्टिकचा कागद नीट केला आणि विचारलं, "ही उभी करायला किती माणसं लागत्यात?"

मी म्हणालो, "तीन."

"आन् तू आलास एकटा."

एवढंच. ओरडले नाहीत. माझ्या चौदा कॉलममध्ये हा एक कॉलम नव्हता.

त्यांनी बांध बुजवायला घेतला. मला फावडं धरता येत नव्हतं, म्हणून मी बसल्या बसल्या चिखलाचे गोळे देत होतो. नुकत्याच लावलेल्या रोपांचा एक पट्टा माझ्या गाडीखाली गेला होता. पैसे देऊ केले, घेतले नाहीत. म्हणाले, "पुढच्या टायमाला रस्त्याने ये." आणि आमचं हे चालू असताना त्यांच्या शेजारचा एक पोरगा शंभर सीसीच्या गाडीवर दुधाचे दोन कॅन लावून त्याच वाटेवरून निघून गेला. दोन्ही पाय खाली सोडून, पाय मारत मारत. कुठेही न थांबता.

घोट्याला क्रॅक निघाला. सहा आठवडे प्लास्टर. आईने त्या सहा आठवड्यांत गाडीचा विषय एकदाही काढला नाही. त्याचाच जास्त त्रास झाला.

चिखल, बर्फ आणि थोडं गणित

प्लास्टरमध्ये बसून मी विचार करत होतो की दूधवाला पोरगा गेला आणि मी का नाही गेलो. आता इथे थोडं गणित सांगतो. घाबरू नका, भागाकारच आहे.

जमीन मऊ असेल तर वजन किती आहे यापेक्षा ते किती जागेवर पसरलंय याला महत्त्व असतं. माणूस दोन पायांवर उभा असला की पंचाहत्तर किलो साधारण चारशे चौरस सेंटिमीटरवर पसरतात. म्हणजे चौरस सेंटिमीटरला ०.२ किलोच्या आसपास. बाईकच्या टायरचं काय? ढोबळ नियम असा की टायर जमिनीवर जेवढा दाब देतो तो टायरमधल्या हवेच्या दाबाएवढाच असतो. २८ पीएसआय हवा म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण दोन किलो. माणसाच्या दहापट! म्हणजे मऊ चिखलात बाईक रुतणारच. प्रश्न फक्त असा की खाली कडक थर किती खोलीवर लागतो, आणि रुतल्यावर तुम्ही तिला बाहेर काढू शकता का.

आता दादाचं स्नोमोबिल बघा. पुढे दोन स्की, मागे रबराचा एक लांब पट्टा. डोंगरातल्या मशीनचा पट्टा साधारण १५ इंच रुंद असतो. १५४ किंवा १६५ म्हणजे त्या पूर्ण पट्ट्याची इंचांतली लांबी. त्यातला जमिनीला टेकणारा भाग दीड मीटर धरू. मशीन आणि माणूस मिळून सव्वातीनशे किलो धरू. भागाकार केला की चौरस सेंटिमीटरला ०.०६ किलोच्या आसपास येतं. म्हणजे उभ्या माणसाच्या एक तृतीयांशाएवढं. म्हणून माणूस जिथे कमरेपर्यंत बर्फात जातो तिथे अडीचशे किलोचं मशीन वरून निघून जातं. तरंगतं म्हणा ना.

आणि त्या पट्ट्यावर अडीच-तीन इंच उंचीचे रबरी दाते असतात, बर्फ मागे फेकायला. हे ऐकून काही आठवलं का? चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरला लोखंडी चाकं लावतात ती! रबरी टायर खाचरात गुळगुळीत होऊन जागेवर फिरतो, म्हणून रुंद लोखंडी पट्ट्यांची चाकं लावायची. तीच आयडिया. मावळातल्या कुठल्याही शेतकऱ्याला स्नोमोबिलचा पट्टा दाखवला तर त्याला तो काय करतो ते लगेच कळेल.

पण एक फरक लक्षात घ्या. खोल बर्फात तळ लागतच नाही, तरंगावंच लागतं. म्हणून लांब, रुंद पट्टा. चिखलात बहुतेक वेळा खाली कडक थर असतो, तिथपर्यंत कापत जावं लागतं. म्हणून चांगल्या ऑफरोड बाईकचं पुढचं चाक उंच पण अरुंद असतं, २१ इंची. दिसायला जाड टायर दणकट वाटतो. चिखलात मात्र तो वरच्या थरावर घसरतो.

मग निवडायचं कसं?

आता कामाचं बोलू. दादाला मी जे सांगितलं आणि तुम्हाला जे सांगेन ते जवळजवळ सारखंच आहे.

एक. तुमच्या वाटेतला सगळ्यात वाईट किलोमीटर कुठला, ते ठरवा. वर्षात दहा हजार किलोमीटर चालवाल, त्यातले साडेनऊ हजार डांबरावरच. ते कुठलीही गाडी करते. उरलेल्यात सगळ्यात खराब जागा कुठली? पवना धरणाकडचा खडीचा रस्ता का खाचराकडेची वाट? गाडी त्या जागेसाठी निवडायची. आणि तशी जागा तुमच्या आयुष्यात नसेल तर ऑफरोड गाडी घेऊच नका. त्यात कमीपणा काही नाही. पैसे वाचतील.

दोन. वजन. आणि वजन म्हणजे टाकी भरून, सामान लावून. जाहिरातीत काही जण पेट्रोलशिवायचं वजन लिहितात, ते नीट वाचा. काही आकडे देतो. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० साधारण १९६ किलो. हिरोची एक्सपल्स २०० फोर-व्ही १५८ किलो. आणि त्या दूधवाल्याची असते तशी स्प्लेंडर ११२ किलोच्या आसपास. हायवेवर हा फरक कळत नाही. तिथे उलट जड गाडी बरी वाटते. गाडी आडवी पडली की एकेक किलो कळतो. दादाच्या बाबतीतही तेच. डोंगरातली स्नोमोबिलं अजूनही टू-स्ट्रोक का असतात? कारण तेवढ्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक इंजिन जास्त जड पडतं. तिकडच्या कंपन्या एकेक किलो कमी करायला धडपडतात.

शोरूममध्ये एक करून बघा. सेल्समनला म्हणा, गाडी एका बाजूला कलवून मला परत सरळ करू द्या. पूर्ण पाडायची नाही अर्थातच. अर्धी कलवली तरी अंदाज येतो. आणि ओळखीत कोणाकडे ती गाडी असेल तर गवतावर खरंच आडवी करून उचलून बघा. पद्धत अशी: गाडी गिअरमध्ये ठेवायची, हँडल वळवून घ्यायचं, गाडीकडे पाठ करायची, एक हात हँडलला, एक हात मागच्या पकडीला, आणि पायांनी जोर लावून मागे मागे चालायचं. कंबरेने उचलायला जाऊ नका. हे एकट्याला जमलं नाही तर ती गाडी एकट्याने आत न्यायची नाही. इतकं सोपं आहे.

तीन. सीटची उंची. ग्राउंड क्लिअरन्स आणि सस्पेन्शन वाढलं की सीट वर जाते. हिमालयन ४५० ची ८२५ मिलिमीटर, एक्सपल्स २०० ची तेवढीच. केटीएमच्या ३९० एंड्युरो आरची ८६०. माझी उंची पाच फूट सहा इंच. चिखलात पाय खाली टेकवत जावं लागतं, ते मी डोळ्यांनी बघितलंय. सपाट फरशीवर चवडे टेकत असतील तर खड्ड्याच्या कडेला तेही टेकणार नाहीत. यूट्यूबवरचा सहा फुटी माणूस जे करतो ते बघून गाडी घेऊ नका.

चार. ताकद. आता इथे उंचीचा मुद्दा येतो. साधं इंजिन हवा स्वतः ओढतं आणि वर हवा विरळ होते. ढोबळमानाने दर हजार मीटरला दहा टक्के ताकद जाते. फ्युएल इंजेक्शन पेट्रोलचं प्रमाण जुळवून घेतं, पण नसलेली हवा कुठून आणणार? दादा जातो त्या रेव्हलस्टोकच्या डोंगरांत उंची दोन हजार मीटरच्या आसपास. म्हणजे तिथे पाचवा हिस्सा ताकद आधीच गेली. म्हणून तिकडे टर्बो विकतात. टर्बो हवा दाबून आत भरतो. आपल्याकडे लडाखला गेलात, पाच हजार मीटरवरच्या खिंडीत, तर तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास उरतो. एकोणीस हॉर्सपॉवरच्या गाडीला तिथे दहाच्या आसपास मिळणार, आणि त्यात मागे मित्र बसला तर उतरून ढकलायची तयारी ठेवा. म्हणजे लडाखसाठी मोठं इंजिन घेणं यात तथ्य आहे. पण आंदर मावळ, भोरगिरी, भीमाशंकरचा परिसर, इथे उंची जेमतेम हजार मीटरपर्यंत. इथे तुम्ही ताकदीवाचून अडत नाही. उलट चिखलात जास्त ताकद म्हणजे चाक जागेवर फिरून अजून खोल जाणं.

पाच. टायर आणि हवा. गाडीवर पन्नास हजाराच्या अ‍ॅक्सेसरीज लावण्याआधी टायर बघा. खाचा खोल आणि ठोकळे लांब लांब हवेत, म्हणजे अडकलेला चिखल बाहेर पडतो. २१ इंच पुढे आणि १८ इंच मागे असेल तर असे टायर सहज मिळतात. मागे १७ असेल तर पर्याय कमी होतात. आणि हवा कमी करायला शिका. मगाचं गणित आठवा: २८ ची १८ पीएसआय केली की जमिनीवरचा दाब तिसऱ्या हिश्श्याने उतरतो. फुकटात! फक्त हळू चालवायचं, दगडावर जोरात आपटायचं नाही, आणि डांबरी लागण्याआधी परत हवा भरायची. म्हणून सोबत छोटा पंप हवा.

सहा. स्पेअर आणि सर्व्हिस. या बाबतीत आपण नशीबवान आहोत. केटीएमच्या ३९० गाड्या चाकणलाच बजाजच्या प्लान्टमध्ये बनतात आणि जगभर जातात. ट्रायम्फची ४०० सुद्धा २०२३ पासून चाकणला बनते. ऑस्ट्रियाच्या आणि इंग्लंडच्या नावाच्या गाड्या, आणि त्या बनवणारी माणसं आपल्याबरोबर त्याच ट्रॅफिकमध्ये असतात. दादाकडे उलट परिस्थिती. यामाहाने २०२३ मध्ये जाहीर केलं की स्नोमोबिलचा धंदा बंद करतोय. म्हणजे तिथे जुनं मशीन स्वस्तात मिळालं तरी पार्ट्स पुढे किती वर्षं मिळतील हे विचारून घ्यावं लागतं. आपणही कुठलीही सेकंडहँड गाडी घेताना आधी लिव्हर, क्लच केबल आणि ब्रेक पॅड कुठे मिळतात ते बघायचं. पडल्यावर पहिलं तेच तुटतं.

दादाने काय केलं

आता दादाच्या एक्सेलकडे. मी त्याला फोन केला. म्हणालो, "दादा, बारा कॉलम आहेत, पण मला एक सांग. बर्फात रुतलं तर एकटा काढशील का?"

तो म्हणाला, "रुततं का?"

म्हणजे बघा. तो १६५ इंची टर्बो बघत होता, आयुष्यात एकदाही त्या मशीनवर बसला नव्हता. मी त्याला ओरडू शकलो नाही. पार्किंगमध्ये पप्पांना "स्टेबल राहते" म्हणणारा मीच होतो.

मी म्हणालो, आधी भाड्याने घे. दोन दिवस. गाईडबरोबर जा. तो गेला. कॅल्गरीहून रेव्हलस्टोक साधारण चारशे किलोमीटर. पहिल्या दिवशी चार वेळा रुतला. एकदा तर झाडाखालच्या खड्ड्यात मशीनचं नाक गेलं आणि अर्धा तास फावड्याने बर्फ काढत होता. रात्री फोनवर आवाजच बदललेला. "अरे, ते सरळ जातच नाही. डोंगराच्या उतारावरून आडवं जायचं तर पूर्ण मशीन एका कडेवर तिरकं धरून चालवावं लागतं. खांदे गेले माझे."

त्याला तिथेच कळलं. लांब पट्टा जास्त तरंगतो आणि चढावर सरळ चढतो, पण वळवायला जड जातो. थोडा लहान पट्टा लवकर वळतो, पण फार खोल बर्फात आधी बसतो. दादा अंगाने माझ्यासारखाच, सडपातळ. त्याच्या वजनाला १५४ पुरतो, आणि एकट्याने ओढायलाही तोच बरा. टर्बोची त्याला पहिली काही वर्षं गरज नाही. शिकायचंय अजून.

पण मोठी गोष्ट वेगळीच निघाली. गाईडने त्याला सांगितलं की मशीनच्या आधी दुसरा खर्च आहे. हिमस्खलनाचा कोर्स. अ‍ॅव्हलांच कॅनडा या संस्थेचा दोन दिवसांचा प्राथमिक कोर्स असतो. आणि तीन वस्तू प्रत्येकाच्या अंगावर पाहिजेत: सिग्नल देणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून बघायची लांब काठी आणि फावडं. कारण कोणी बर्फाखाली गाडलं गेलं तर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढावं लागतं. त्यानंतर वाचायची शक्यता झपाट्याने कमी होते. हेलिकॉप्टर तेवढ्यात येत नाही. जे बरोबर आहेत तेच काढणार. म्हणजे एकट्याने जायचंच नाही. आणि बरोबरच्याला खणता येत नसेल तर तो बरोबर असून नसल्यासारखा.

दादा गप्प झाला होता. मग म्हणाला, "तुला त्या काकांनी विचारलं होतं ना, किती माणसं लागतात?" मी त्याला ती गोष्ट प्लास्टरमध्ये असताना सांगितली होती. त्याच्या लक्षात राहिली होती.

त्याने त्या सीझनला मशीन घेतलं नाही. कोर्स केला, सामान घेतलं, बरोबर जाणारे तीन जण शोधले. त्यातला एक मूळचा सांगलीचा. या हिवाळ्यात चौघे मिळून जाणार आहेत. मशीन सेकंडहँड घेतलंय. १५४. टर्बो नाही.

आणि मी?

मी मोठी गाडी विकली. तोटा झाला, आकडा सांगत नाही, आई हा पॉडकास्ट ऐकते. एक सेकंडहँड दोनशे सीसीची घेतली, १६० किलोच्या आत. नाशिक हायवेवर ती दमते. शंभरच्या पुढे आवाज करते आणि ट्रकवाले हॉर्न देतात. नाशिकला जाताना जुन्या गाडीची आठवण येते, खोटं कशाला बोलू. पण ती आडवी पडली की मी एकटा उभी करतो. घड्याळ लावून बघितलंय. चिखलात दीड मिनिट.

तरी पावसाळ्यात आत जाताना आता एकटा जात नाही. दोघं किंवा तिघं. घरी रस्ता सांगून जातो आणि किती वाजता फोन येईल तेही सांगतो. वाहतं पाणी गाडीने ओलांडत नाही, कितीही उथळ दिसलं तरी. आणि लावणी झालेल्या खाचराच्या कडेला डांबरी सोडत नाही. ऑफरोड म्हणून आपण जिथे शिरतो ती बहुतेक वेळा कोणाची तरी जमीन असते, कोणाचं तरी वर्षाचं भात असतं. माझा क्रॅक सहा आठवड्यांत भरला. त्या रोपांचं तसं नव्हतं.

मागच्या दिवाळीत त्या काकांकडे जाऊन आलो. फराळ घेऊन गेलो होतो. नवीन गाडी दारात लावली. ते आले, हँडल धरून गाडी जरा हलवून बघितली.

"ही बरी आहे," म्हणाले. "आन् हा कोण?"

मागे मित्र बसला होता.

तर मंडळी, आज एवढंच. तुम्ही कुठली गाडी घेणार आहात, आणि तुमचा सगळ्यात वाईट किलोमीटर कुठला, ते व्हॉइस नोटवर सांगा. पुढच्या भागात निवडक व्हॉइस नोट्स लावतो. आणि एक गृहपाठ: या रविवारी तुमची आत्ताची गाडी कुठेतरी गवतावर हळूच आडवी करा आणि एकट्याने उचलून बघा. जमलं की नाही ते खरं खरं सांगा. भेटू पुढच्या भागात. ट्रॅफिकमध्ये शांत राहा.